रानशेणीचा धूर

प्रोफेसर कॉलनी चौकातला सिग्नल अजून पिवळाच मिचकावत होता आणि थंडीमुळे रस्त्यावर दूधवाल्यांशिवाय कुणी नव्हतं, तेव्हा सुश्रुतला स्वतःचा चेहरा दिसला. विजेच्या खांबाला तारेने बांधलेल्या फ्लेक्सवर तो दाराएवढा होऊन हसत होता. त्याने मोटरसायकल थांबवली, हेल्मेटची काच वर सारली. चेहरा त्याचाच, पण दात जास्त पांढरे. गळ्याखाली कुणा दुसऱ्याचं जाकीट. आणि खांद्यामागे जबडा उघडून उभा असलेला सिंह. ‘प्रभागाचा बुलंद आवाज, भावी नगरसेवक मा. सुश्रुतदादा.’ खाली शुभेच्छुक म्हणून गोल चौकटींतली तोंडं, त्यांतली दोन ओळखीची. फोटो कुठला ते त्याला लगेच कळलं. गेल्या हिवाळ्यात मिरजगावच्या माळावर तुषारने काढलेला. मागे काळविटांचा कळप ओळीने उभा होता. फ्लेक्सवाल्याने काळविटं पुसून टाकली होती आणि सिंह आणून बसवला होता. सुश्रुतला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी पायरी आहे समजून पाय टाकावा आणि जमीन आधीच लागावी तसं झालं. कारण पहिल्या क्षणी, लाज वाटण्याच्या आधीच्या त्या अगदी बारीक क्षणी, त्याला ते आवडलं होतं.

आज दुपारी पक्षाच्या शहर कार्यालयात इच्छुकांच्या मुलाखती होत्या. तो इच्छुक आहे हे त्याला सुनीलभाऊंनी सांगितलं होतं. सुनीलभाऊ शहराचं सगळं बघायचे; महापालिकेच्या निवडणुकीत कुठल्या प्रभागात कोण उभं राहणार हे त्यांच्या जिभेवर असायचं. ‘जुनं निष्ठावंत घर, शिकलेला पोरगा, वर पर्यावरणाचं काम. तुला नाही म्हणायला कुणाला तोंड आहे रे?’ असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती, आणि ती थाप आठवडाभर पाठीवर राहिली होती. तो हो म्हणाला नव्हता. नाहीही म्हणाला नव्हता. मुलाखत झाली की तिकीट त्याचंच, हे ठरल्यासारखं होतं. आणि तिकीट घेतलं की माळ सोडायचा, हेही तितकंच ठरलेलं. माळ राखणाऱ्या त्या छोट्या संस्थेत पगारी माणसं दोनच, तो आणि तुषार. आणि गवताला प्रभागाची बैठक आहे म्हणून चार महिने थांब असं सांगता येत नाही. दोन्ही होणार नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती, तरी त्याने ती आठवडाभर अंगाखाली दाबून ठेवली होती, गादीखाली इस्त्रीला घातलेल्या कपड्यासारखी.

नगरचा चांदणी चौक मागे पडला, सोलापूर रस्ता लागला, आणि हँडलवरच्या बोटांत थंडी सुया टोचू लागली. गाडीवर असताना त्याला नीट विचार करता यायचा. मुलाखतीत काय विचारतील? पक्षात किती वर्षं? तर तो काय सांगणार, जन्मापासून? त्याच्या आठवणीत पक्ष म्हणजे वडिलांची पाठ होती. सुहास सर, गणिताचे मास्तर, मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलाशी याद्या घेऊन बसलेले, शर्टाला मानेजवळ घामाचं अर्धवर्तुळ. समोरच्या पक्षाच्या मंडपात गर्दी असायची, वडापाव असायचे. बाबांच्या टेबलाशी बाबा आणि एक पाण्याचा तांब्या. तिकडची माणसं दया येऊन चहा पाठवायची आणि बाबा तो उठून, दोन्ही हातांनी घ्यायचे. संध्याकाळी हरल्याची बातमी ऐकून ते घरी यायचे, पाय धुवायचे आणि देवापुढे दिवा लावायचे. एखाद्या नापास झालेल्या मुलाबद्दल बोलावं तसं म्हणायचे, पुढच्या वेळी होईल. देश म्हटलं की सुश्रुतच्या डोळ्यापुढे नकाशा यायचा नाही, सैन्यही यायचं नाही. ती पाठ यायची. लोक त्याला उजवा म्हणायचे, जुन्या वळणाचा म्हणायचे, बहीण प्रणिता पुण्याहून त्याहून वाईट काहीतरी म्हणायची, आणि त्याला सगळं मान्य असायचं. त्याचं म्हणणं इतकंच होतं की आपल्याला जे मिळालं ते आपण केलेलं नाही. भाषा आपण केली नाही, दिवा लावायची वेळ आपण ठरवली नाही, नदी आपण काढली नाही. मिळालेल्या वस्तूला माणसाने आधी हात जोडावेत, मग हात लावावा.

प्रणिताशी त्याचं या वाक्यावरून भांडण झालं होतं. ‘हात जोडून जोडूनच वाट लागलीय,’ ती म्हणाली होती. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी ती घरच्या ग्रुपमधून बाहेर पडली. मग मेतकुटात हरभऱ्याची डाळ किती घालायची ते विचारायला तिसऱ्याच दिवशी परत आली, आणि आईने डाळीचं प्रमाण सांगून वर लिहिलं, ‘आता राहा. जाऊ नकोस.’ आईने, इंदूताईंनी, राजकारणावर लिहिलेलं एवढंच. काल संध्याकाळी प्रणिताचा निरोप आला होता. ‘माझं मत पुण्यात आहे, हे तुझं नशीब. पण उभा राहिलास तर प्रचाराला येईन. तुझ्यासाठी नाही, आईच्या पोळ्यांसाठी.’ गाडी रुईछत्तीसीच्या पुढे आली तेव्हा पूर्वेला फटफटायला लागलं होतं आणि त्याला अचानक, काही कारण नसताना, या सगळ्यांबद्दल इतकी माया दाटून आली की हेल्मेटची काच आतून धुरकट झाली.

पण दिल्लीत जे चालतं त्याचं काय, हा प्रश्न त्याच मायेच्या मागून आला. पक्ष आता मोठा झाला होता. टेबलाशी एकटी पाठ असण्याचे दिवस गेले होते. आता कार्यालयाला काचेचं दार होतं, गार हवा होती. जे व्हावं म्हणून बाबांनी जन्म घातला त्यातलं बरंच झालं होतं. शहराच्या नावाची पाटीसुद्धा बदलली होती. अहिल्यादेवींचं नाव आलं तेव्हा सुश्रुतने पेढे वाटले होते, मनापासून. तुषारने पेढा तोंडात टाकून म्हटलं होतं, ‘पाटी बदलली. खड्डे तेच हायेत.’ आणि सुश्रुत म्हणाला होता, ‘दम धर, तेही बदलतील,’ आणि दोघं हसले होते. कारण नाव बदललं तरी दोघांच्या तोंडात ‘नगर’च होतं. त्याला पक्षाचा राग नव्हता. मोठ्या झालेल्या मुलाच्या घरी गेल्यावर बापाला कुठे बसावं ते कळत नाही, तसं मात्र त्याला हल्ली होत होतं. ओरडणारी माणसं फार झाली होती. टीव्हीवर त्याच्याच बाजूचा माणूस बोलायला लागला की तो आवाज कमी करायचा. जपायचं म्हणणारी माणसं एवढी आरडाओरड का करतात? झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालताना कुणी ओरडतं का?

आईने एक गोष्ट त्याला अलीकडेच सांगितली होती. खूप वर्षांपूर्वी, सुश्रुत शाळेतही जात नव्हता तेव्हा, बाबांचं नाव वॉर्डाच्या तिकिटासाठी निघालं होतं. ‘ह्यांनी शर्टाला दोनदा इस्त्री केली,’ आई भाजी निवडता निवडता म्हणाली. ‘निरोप येईल म्हणून बाहेरच्या खोलीत बसून राहिले. निरोप आला नाही. दुसऱ्याच्या प्रचाराला मात्र गेले, तोच शर्ट घालून.’ बाबांनी हे कधी सांगितलं नव्हतं. पण सुनीलभाऊंचं बोलणं झाल्यापासून बाबा घरात जरा हळू चालत होते, ताटात जास्त भात घेत होते. रेडिओ लावायचे, पण ऐकत नव्हते. परवा त्यांनी सुश्रुतच्या चपला उंबऱ्याशी नीट लावून ठेवल्या होत्या. आठवडाभर त्याच्या तोंडातून ‘नाही’ निघालं नव्हतं ते त्या चपलांमुळे.

माळावर पोचला तेव्हा दव होतं. गवत त्या दिवसांत पिकून ताम्रवर्णी झालेलं असतं, आणि उन्हाची पहिली तिरीप आडवी आली की काडीकाडीला दिवा लागतो. कुसळं पायमोज्यांत शिरतात, चंडोल डोक्यावर कुठेतरी उंच टांगल्यासारखा गात असतो, दिसत नाही. मिरजगावच्या खालच्या अंगाला पसरलेला हा माळ जाणाऱ्या-येणाऱ्याला ओसाड दिसायचा. सुश्रुतलाही पहिल्या वर्षी ओसाड दिसला होता. मग इथे लांडग्याची मादी पिल्लांना एकेक करून दुसऱ्या बिळात नेताना त्याने पाहिली, काळविटांचं पाडस गवतात कान पाडून निजलेलं पाहिलं. पुढे त्याला वाटायला लागलं की ओसाड हा शब्द माणसाने घाईत काढलेला आहे.

तुषार आधीच आला होता. बरोबर त्याची आई सुमनबाई आणि गावातली चार-सहा माणसं. वनखात्याची परवानगी मिळाली होती. आज जाळरेषा जाळायची होती. माळाच्या कडेने गवताचा लांब पट्टा कापून ठेवलेला. तो दव असतानाच, वारा उठायच्या आत, आपल्या हाताने जाळून काढायचा. मग उन्हाळ्यात रस्त्यावरून कुणी विडी टाकली, तरी आग त्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरते. सगळं वाचवायचं तर थोडं आपणच जाळावं लागतं. हे काम शिकल्यापासून सुश्रुतला घरातल्या, गावातल्या, देशातल्या कितीतरी गोष्टी या पट्ट्यासारख्या दिसायला लागल्या होत्या. पण तो कुणाला बोलला नव्हता. तुषारला बोलला असता तर तुषारने लगेच विचारलं असतं, कुठला पट्टा, कुनी ठरवायचा?

विचारलंच होतं त्याने, वेगळ्या शब्दांत. मागच्या वर्षी, लांडग्यांच्या बिळावर दोघं दुर्बीण घेऊन पालथे पडले होते तेव्हा. तुषार त्याला ‘उजव्या’ म्हणायचा, तो तुषारला ‘वकीलसाहेब’, कारण तुषारला संविधानाची कलमं पाठ होती. ‘उजव्या,’ तुषार दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाला, ‘तू सारखं जपायचं, जपायचं म्हनतोस. तुज्या त्या जपलेल्या घरात माजा आजा अंगनापर्यंतच येत हुता. तवा काय काय जपायचं ते एकदा ठरव.’ लांडगी बिळाबाहेर आली, आळस दिला, आत गेली. ‘अंगणाची ती रेघ जपायची नव्हती,’ मग सुश्रुत म्हणाला. ‘आत बोलवायला पाहिजे होतं.’ ‘हुतं म्हनतोस,’ तुषार म्हणाला. ‘बरं हाय. हुतं म्हनायला पन लोकांना लई येळ लागतो.’ त्या संध्याकाळी तुषारने त्याला घरी नेलं. त्याचे वडील सहादू पडवीत बसले होते. त्यांनी पत्र्याची पेटी उघडायला लावली. आत लिंबाच्या पाल्यात घडी घालून ठेवलेला पांढरा सदरा होता, पिवळा पडलेला. सहादूंच्या वडिलांनी तो छप्पन साली नागपूरला, दीक्षेच्या दिवशी अंगात घातला होता. ‘दरसाल पाला बदलितो,’ सहादू म्हणाले, आणि सदऱ्याला हात न लावता पेटी लावून घेतली. परत येताना सुश्रुतला वाटलं होतं की आपल्याहून जास्त जपणारी माणसं आपण पाहून आलो. आणि त्यांच्याशी आपलं भांडण आहे, मैत्रीही आहे, आणि दोन्ही चालू राहिलं तर देशाचं फार काही बिघडणार नाही.

सुमनबाईंनी ओली बारदानं वाटली. ‘दादा, आज लवकर जायचं हाय म्हनं तुमाला,’ त्या म्हणाल्या. ‘नगरसेवक व्हायला.’

‘व्हायला नाही हो मावशी. विचारायला बोलावलंय.’

‘पोरगी बघाय जात्यात तसं?’

‘तसंच,’ तुषार म्हणाला. ‘फकस्त हितं पोहे पोरानंच करायचे असत्यात.’

सगळे हसले. माणसं पट्ट्याच्या दोन्ही अंगांना उभी राहिली. ठरलं असं होतं की आज काडी तुषार ओढणार. कारण या माळावर काम करणाऱ्यांची एक रीत होती आणि ती कुणी मोडत नव्हतं: ज्याने काडी ओढली त्याने शेवटचा धूर विझेपर्यंत जागा सोडायची नाही. बाकीचे जेवायला जातील, घरी जातील, पेटवणारा थांबतो. सुश्रुतला जायचं होतं, म्हणून काडी तुषारची. सुमनबाई बारदान खांद्यावर टाकून, ज्या सुरात त्या गवत कापताना गात त्याच सुरात, हलकेच म्हणाल्या,

‘इस्तवा रं दादा, तुला पान्याची हाय आन
रेघ वलांडू नको, पल्याड लेकुरवाळं रान.’

तो सूर त्याने काडी ओढायच्या आधी इतक्या वेळा ऐकला होता की त्याच्यामागून काय करायचं हे आता डोक्याला विचारावं लागत नव्हतं. तो खाली वाकला. बोटांनी वाऱ्याचा अंदाज घेतला, कापलेल्या गवताची मूठ उचलली, आडोसा केला. खिशातली काडेपेटी कधी निघाली ते त्याला कळलं नाही. गवताला आधी धूर आला, मग पिवळी जीभ आली, आणि ती मूठ त्याने पट्ट्यावर ठेवली. मान वर केली तर तुषार हातात स्वतःची काडेपेटी धरून त्याच्याकडे बघत होता.

‘पेटीवलंस?’ तुषार म्हणाला. ‘आता गेलास दुपारी.’

आग पुढे सरकत होती, तिच्याकडे बघावं लागत होतं, त्यामुळे कुणाला काही बोलायला सवड मिळाली नाही. तासभर दोन्ही अंगांनी बारदानं आपटत ते चालत राहिले. एकदा ठिणगी उडून पलीकडच्या उभ्या गवतात पडली तेव्हा तुषार ओरडला, ‘उजव्या, डावीकडं!’ आणि सुश्रुतने तिच्यावर अंगच टाकलं. डोळ्यांतून पाणी, नाकात काजळी, तोंडाला राखेची चव. आठवडाभर त्याने डोक्यात दोन बाजूंचे वकील उभे केले होते, आणि हाताने एका मुठीत निकाल देऊन टाकला होता. त्याला राग आला होता का? नाही. प्रवासात झोप लागावी आणि जागं झाल्यावर आपलंच स्टेशन समोर असावं, तसं त्याला झालं होतं.

पट्टा शेवटपर्यंत काळा झाला. माणसांनी तोंडं धुतली. पण काळ्या पट्ट्यातून ठिकठिकाणी धुराच्या बारीक दोऱ्या निघत होत्या. त्या रानशेणीच्या. चरून गेलेल्या गायीचं शेण माळावर जागच्या जागी वाळतं, ती रानशेणी. गवत भुर्रकन जळून जातं, रानशेणी पेटत नाही, ती आतल्या आत धुमसते. वरून पांढरी राख, पोटात लाल. दुपारी वारा उठला की तो तेवढा लाल कण उचलतो आणि रेघ ओलांडून नेतो.

‘जा तू,’ तुषार म्हणाला. ‘मी बसतो. रीत काय, कुनी लिवून ठिवलीय व्हय? आन खरं सांगू, तू तिथं बसलास तर आमच्या माळाचं कुनीतरी असंल वर.’

सुश्रुत मोटरसायकलपर्यंत गेला. किल्ली लावली. तुषारचं म्हणणं खोटं नव्हतं. बाहेरच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला एक तरुण मास्तर त्याला दिसत होता, आणि त्या तरुणाकडे निरोप घेऊन जाणारा दुनियेत एकच माणूस होता, तो म्हणजे आपण. मग त्याने वळून पाहिलं. धुराच्या दोऱ्या सरळ वर जात होत्या, अजून वारा नव्हता. कुणीतरी मोजत बसावं अशा होत्या त्या. त्याच्या ध्यानात आलं की जाकिटातल्या त्या दुसऱ्या सुश्रुतला लोक टाळ्या देतील आणि तो त्या घेईल, त्याला त्या आवडतील, आणि हळूहळू तो बोलताना आवाज चढवायला लागेल. वाईट माणूस होणार नाही तो. फक्त धुमसणाऱ्या वस्तूपाशी गप्प बसायला त्याला वेळ राहणार नाही. आणि बाबांकडून आपल्याला मिळालं होतं ते तर नेमकं तेच, टेबलाशी एकट्याने बसणं. त्याने किल्ली काढून घेतली.

‘कुठंय वाघा?’ सुनीलभाऊंचा फोन आला. मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज होता.

‘भाऊ, माळावर आहे. येत नाही.’

‘येत नाही म्हणजे? उशीर?’

‘नाही. मला उभंच राहायचं नाही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.’

सुनीलभाऊंचा आवाज कार्यालयातून बाहेर आल्यासारखा झाला, खासगी. ‘सरांना सांगितलंस?’

‘सांगतो आता.’

‘मला दहावीला त्यांनी घरी बोलावून भूमिती शिकवली रे. फुकट. वर तुझी आई थालीपीठ द्यायची. पक्षासाठी त्यांनी काय केलंय ते मला माहितेय, ह्या नव्या पोरांना नाही माहीत. म्हटलं तुझ्या रूपाने का होईना.’

‘मला कळतं भाऊ. म्हणूनच तोंड उघडेना.’

‘हं. मग प्रचाराला तरी येशील?’

‘येईन. याद्या घेऊन टेबलाशी बसेन. माझा पक्ष बदललेला नाही.’

‘टेबलाशी बसायला आता माणसं पैसे मागतात,’ सुनीलभाऊ म्हणाले, आणि हसले. त्या हसण्यात कुठेतरी एक दार लोटलं गेलं, पण जोरात नाही.

बाबांना फोन लावताना त्याने आधी रुमालाने हात पुसले.

‘बाबा, मी मुलाखतीला जात नाही.’

‘गाडी बंद पडली?’

‘नाही. नको म्हणालो.’

घरात कुकरची शिट्टी झाली, ती संपेपर्यंत बाबा थांबले. ‘कुठे आहेस?’

‘माळावर. धूर विझायचाय अजून.’

‘बरं,’ बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या एका ‘बरं’जवळ तो दुपारपर्यंत बसला. कमंडलूने पाणी घालावं तसं बाटलीने एकेका रानशेणीवर पाणी घालत होता, काठीने फोडत होता, पुन्हा घालत होता. सुमनबाई तंबाखू मळत बांधावर टेकल्या होत्या; बाकीची माणसं गेली होती, तुषार भाकरी आणायला मिरजगावात गेला होता. वारा उठला. लांब, गवताच्या कडेला, काळविटाचा काळा नर येऊन उभा राहिला आणि जळक्या पट्ट्याकडे बघत राहिला. सुश्रुतला एकदम आठवलं की लहानपणी हरण्याच्या संध्याकाळी बाबा दिवा लावायचे तेव्हा त्यांच्या बोटांना याद्यांची निळी शाई असायची. आपण त्यांचं काहीतरी मोडलं. ते आता कुणाला दुरुस्त करता येणार नव्हतं. आणि तरीही, सकाळी चुकलेला पाय आता जमिनीवर नीट टेकला होता, आणि त्याबद्दल आभार मानायचे तर कुणाचे, काडीचे, ओवीचे, का त्या पाठीचे, हे त्याला समजत नव्हतं. सगळ्यांचे मानले तरी चालतील, असं वाटलं.

तुषारची गाडी आली तेव्हा मागे कुणीतरी बसलेलं होतं. पायात फिरायला जायचे कॅनव्हासचे बूट, मांडीवर कापडी पिशवी. इतक्या वर्षांत बाबा माळावर कधी आले नव्हते.

‘तुजे वडील यस्टीनं आले,’ तुषार म्हणाला. ‘स्टँडवरनं फोन केला मला. म्हनले, त्याला सांगू नको, तो न्यायला येईल आन जागा सुटंल.’

सुमनबाई पदर सावरून उठल्या. ‘बसा सर. सावली न्हाई हितं, पर वारं हाय.’

‘बसायला नाही आलो,’ बाबा म्हणाले. त्यांनी माळाकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे, मग मुलाच्या काजळलेल्या तोंडाकडे. ‘मला आवडलं असतं,’ ते म्हणाले. ‘खोटं कशाला बोलू.’

‘माहीत आहे, बाबा.’

‘फार आवडलं असतं.’

सुश्रुतने मान खाली घातली. बाबांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली, सोडली. साखर होती. ‘तुझ्या आईला सकाळीच म्हटलं होतं, देवापुढे साखर ठेव. ठेवली तिने. मग तुझा फोन आला. आता ठेवली ती ठेवली, वाटायला नको?’ त्यांनी आधी सुमनबाईंच्या हातावर घातली, मग तुषारच्या, मग सुश्रुतच्या. त्याच्या तळव्यावरची राख आणि साखर एक झाली. त्याने ती तशीच खाल्ली.

‘कशाचा परसाद, सर?’ सुमनबाईंनी विचारलं.

बाबांनी रिकामी पुडी घडी घालून पिशवीत ठेवली. ‘ते बघू,’ म्हणाले. ‘लागेल तसं नाव देऊ.’ तुषार हसला, आणि बाबाही थोडेसे.

मग त्यांनी पट्ट्यातल्या एका धुराकडे बोट केलं. ‘हे विझेपर्यंत थांबायचं का?’

‘हो. वरून कळत नाही. पालथा हात लावून बघावं लागतं.’

बाबांनी गुडघ्यावरची पँट जराशी वर ओढली आणि खाली बसले. पालथा हात राखेवर टेकवला, गणित तपासताना थांबायचे तितका वेळ थांबले.

‘हे गार आहे,’ म्हणाले. तसेच बसल्या बसल्या पुढच्या रानशेणीकडे सरकले, हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

‘हे नाही. पाणी आण.’

सुश्रुत पाणी आणायला गेला.